सोजरबाईचा पेला

माय,

पाहुणे सगळे गेले. मिलिंदही सकाळच्या बसनं कलबुर्गीला गेला. मांडवाची कापडं सोडून न्यायला माणूस येऊन गेला. अंगण झाडून झालं, पुन्हा एकदा झाडून झालं, आणि आता हाताला काम उरलं नाही म्हणून लिहायला बसले आहे. तुला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकलेली. तू असतीस तरी हे तुला वाचता आलं नसतं, म्हणून न भिता लिहिते. तुझ्यासमोर बोलायलाही मला भीतीच वाटायची, तुला माहीत आहे.

काल जलदानाच्या आधी सगळे तुझ्याविषयी बोलले. बौद्धाचार्य म्हणाले, ‘लेकीनं दोन शब्द बोलावेत.’ मी खाली बघून मान हलवली. मागून कुणी तरी म्हणालं, ‘ती काय बोलायली? मायच्या पदरामागं वाढलेली ती.’ लोक थोडे हसले. तूही हसली असतीस. खोटं कुठं आहे? दुकानात गूळ मागायचा तरी तू पुढं आणि मी मागं.

मग मिलिंद बोलला. माझ्यापेक्षा धाकटा असून तोच नेहमी बोलतो. चांगलं बोलला. तू ऊस तोडून त्याला कसं शिकवलंस, हातापायाला पाचटाचे ओरखाडे घेऊन शाळेच्या दारात कशी उभी राहायचीस, ते सांगितलं. शेवटी म्हणाला, ‘माझ्या मायनं दीक्षेनंतर मरेपर्यंत कुणापुढं ओंजळ धरली न्हाई.’ आणि माझ्याकडं न बघता खाली बसला.

मी फरशीकडं बघत राहिले. शेवटची दोनेक वर्षं तू रोज ओंजळ धरत होतीस, माय. माझ्यापुढं. ते त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

ओंजळीची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. मी चौथीत होते. आपण भालकीच्या बाजारला गेलो होतो. बसस्टँडवरच्या नळाला पाणी येत होतं, पोरं पीत होती, मीही वाकून हाताची ओंजळ केली. तू मागून येऊन माझ्या हातावर अशी चापट मारलीस की पाणी माझ्या तोंडावर उडालं. मी रडायला लागले. तुला वाटलं आता सांगावं लागतंय. तिथंच पिशवीवर बसून तू सांगितलंस.

तुझं माहेर आळंदकडचं. तू लहान असताना तुझी माय गावच्या पाटलाच्या, गौडाच्या वाड्यावर झाडायला जायची आणि तू तिच्या मागं. तहान लागली की वाड्याच्या दगडी पायऱ्यांखाली उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाला लावायची आणि वाट बघायची. गौडसानी, म्हणजे गौडाची बायको, कामं आटोपून आली की वरच्या पायरीवरून पाणी सोडायची. तांब्या ओंजळीपासून उंच धरायचा. धारेला धार सोडून काही लागू द्यायचं नाही. ‘निम्मं पाणी कोपरावरनं जायाचं,’ तू म्हणालीस. ‘पोट भरलं तरी तहान ऱ्हायाची.’ मग तुझ्या बापानं दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगितलं, आजपासून ह्या घरातलं कुणी पाण्याला ओंजळ धरणार नाही. तू म्हणालीस, ‘त्या दिवशी मी न्हाई धरली. मग कधीच न्हाई. मरीन तहानेनं, पर धरणार न्हाई. तूबी धरायची न्हाईस.’

एवढं सांगून तू उठलीस आणि मला तशीच ओढत बाजारात परत नेलंस. भांड्याच्या दुकानात स्टीलचा पेला घेतलास. बाहेर नाव घालणारा मशीन घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, ‘मालकाचं नाव सांगा, बाई.’

‘माझं घाल. सोजरबाई.’

‘नुसतं सोजरबाई?’

‘मग? पाणी मी पिणार, नाव त्येंचं कामून?’

तो हसला. ‘कन्नडात घालू का मराठीत?’

‘माझी पोरगी वाचंल त्यात घाल.’

त्यानं नाव घातलं आणि तू पेला माझ्या हातात दिलास. मी एकेक अक्षर लावून वाचलं. तू पुन्हा वाचायला लावलंस. बसमध्ये घरी येईपर्यंत तू त्या अक्षरांवरून बोट फिरवत होतीस.

तो पेला मग तुझ्या पिशवीत कायमचा राहिला. वावरात, लग्नात, मिलिंदच्या शाळेत, सगळीकडं. पंगतीत कुणी पाण्याचा ग्लास पुढं केला तरी तू आपला पेला काढायचीस. बायका चेष्टा करायच्या. ‘आली बघा सोजराक्का पेला घिऊन, जशी काय कलेक्टरीण.’ तू म्हणायचीस, ‘हाय की कलेक्टरीण. कागद आण, सही करते.’ तुला सही येत नव्हती, अंगठाच होता, म्हणून सगळ्या जास्तच हसायच्या.

तू भानावर होतीस तोवर त्या पेल्यानं दुसऱ्या कुणी पाणी प्यालेलं मी पाहिलं नाही. एकदा मात्र मी प्याले. माझा नवरा गेला, सासरच्यांनी मला आणून दारात सोडलं आणि ते रिक्षातून उतरलेसुद्धा नाहीत. मी बोचकं घेऊन अंगणात उभी होते. आत कसं यावं कळत नव्हतं. तू बाहेर आलीस. काही विचारलं नाहीस. आत जाऊन पेला भरून आणलास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, ‘पी. मग भाकऱ्या थाप, मला उशीर झालाय.’ तेवढंच. त्या दिवसापासून मी इथं आहे. तू मला कधी ‘राहा’ म्हणाली नाहीस आणि कधी ‘जा’ही म्हणाली नाहीस. त्याबद्दल तुला काही तरी म्हणायचं राहून गेलं. आपल्यात असलं काही म्हणायची पद्धत नव्हती.

तुझं विसरणं कधी सुरू झालं ते मला नीट सांगता येत नाही. तू चुलीवर डाळ ठेवलीस, पाणीच घातलं नाहीस, ती जळून कोळसा झाली. आपण हसलो. मग तू विकून टाकलेल्या शेळ्या शोधत फिरायला लागलीस. मी म्हणायचे, ‘त्या विकल्या की गं.’ तू म्हणायचीस, ‘कुणी विकल्या? मला न इचारता?’ आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायची नाहीस. एकदा भालकीत गावच्या बसमध्ये न बसता उदगीरच्या बसमध्ये जाऊन बसलीस. कंडक्टरनं खाली उतरवलं तेव्हा तू त्यालाच दटावत होतीस. मी लांबून बघून हसले. त्या वेळी हसू यायचं अजून.

मग मिलिंदनं घर बांधलं. पत्रे काढून स्लॅब टाकला, दाराला तीन पायऱ्या, आत शहाबादी फरशी. तुला किती आवडली होती ती फरशी. रोज ओल्या फडक्यानं पुसायचीस आणि म्हणायचीस, ‘आपल्या घरात दगूड आला बघ.’ भिंतीवरच्या दोन तसबिरी त्यानं नव्या काचेत बसवून आणल्या आणि तू त्यांच्यापुढं मेणबत्ती लावलीस. ते दिवस चांगले होते. आता वाटतं, पत्र्याचं घर होतं तेच बरं होतं.

त्या उन्हाळ्यात मी खुरपणीहून आले, तर तू पायऱ्यांखाली मातीत बसलेली. उन्हात. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला.

‘माय, हितं कामून बसलीस? आत चल.’

‘हितंच बरं हाय.’

‘ऊन लागायलंय की. चल घरात.’

‘कुणाच्या घरात?’

‘आपल्या.’

तू पायऱ्यांकडं बघितलंस, फरशीकडं बघितलंस आणि आवाज एकदम बारीक करून म्हणालीस, ‘गरिबाची चेष्टा करू नगा, गौडसानी.’

मला वाटलं तूच चेष्टा करायलीस. मी हसत आत गेले आणि तुझा पेला भरून आणला. तू मागं सरकलीस. दोन्ही हात जोडलेस, ओंजळ केलीस, कोपरं पोटाशी घट्ट धरलीस आणि ओंजळ तोंडाशी नेलीस. ‘वरनं घाला,’ म्हणालीस. मी तशीच उभी राहिले, तर तुला वाटलं मला मराठी कळत नाही. मग माहेरच्या कन्नडात म्हणालीस, ‘नीर हाकरी, अव्वा.’ पाणी घाला, आई.

मी पेला पुढं केला. ‘हे बघ, तुझा पेला. तुझं नाव हाय ह्यावर.’

‘न्हाई न्हाई. बाटंल.’

हा शब्द तुझ्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. आपल्या घरात तो शब्दच नव्हता.

त्या दिवशी तू पाणी प्यालीच नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पेला ओठाला लावायचे आणि तू दात आवळायचीस. जबरदस्ती केली की लहान पोरासारखं अंग चोरायचीस आणि म्हणायचीस, ‘मारू नगा, मी शिवले न्हाई.’ चहासुद्धा तसाच. भाकरी चालायची, ती लांबून टाकली की तू उचलून घ्यायचीस. शेजारची रहेमतबी कुंपणावरून बघायची. ती म्हणाली, ‘अगे शेवंता, वो जैसा बोल रै वैसा पिला दे ना. पैले प्यास जाने दे. इज्जत का बाद में देखते.’ मी तिच्यावर चिडले. माझ्या आयुष्यात मी तिच्यावर तेवढी एकदाच चिडले. ‘तुला काय कळायलंय त्यातलं,’ म्हणाले. ती संध्याकाळी शिरा घेऊन आली.

तुझी जीभ सुकली. लघवी होईना. तुला रिक्षात घालून भालकीला नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर चांगला होता, म्हणाला, ‘ह्या आजाराला औषध न्हाई, अक्का. डोकं हळूहळू मागं जायलंय त्येंचं. पर पाणी कमी पडलं की अजूनच बिघडतंय. कसंबी करा, पाणी पाजा.’ मी विचारणार होते, कसंबी म्हणजे कसं. पण मागं माणसं उभी होती. मला विचारता आलं नाही.

घरी आणल्यावर तू पुन्हा पायऱ्यांखाली जाऊन बसलीस. मी पायरीवर उभी होते. तुझी ओंजळ वर आली. मी तांब्या वाकडा केला.

तू घटाघटा प्यालीस. किती प्यालीस, माय. निम्मं पाणी कोपरावरून खाली जात होतं, तू सांगितलं होतंस तसंच. मातीत तुझ्या पायापाशी चिखल झाला. पिऊन झाल्यावर तू ओल्या हातानं तोंड पुसलंस, वर बघितलंस आणि म्हणालीस, ‘तुमच्या लेकराबाळांचं चांगलं हुईल, गौडसानी.’ मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले. भिंतीवरच्या तसबिरींकडं बघायचा धीर झाला नाही.

मी उपाय केले नाहीत असं समजू नकोस. मी म्हटलं, निदान वरून तरी नको. मी मातीत बसले आणि तुला पायरीवर बसवलं. तू लगेच उतरून माझ्यापेक्षा खाली बसलीस. मी अंगणात उताराला बसले, तू त्याच्याही खाली, मोरीच्या काठाशी. मी जितकी खाली जायचे तितकी तू आणखी खाली जायचीस. शेवटी मी जमिनीवर आडवी झाले. तू कपाळ मातीला टेकवून ओंजळ पुढं केलीस. मग मी उठले. तुझ्यापेक्षा खाली जायला मला जागाच सापडली नाही.

मिलिंद रविवारी आला. सफरचंदं घेऊन आला होता. मी तुला पाणी पाजत होते तेव्हाच तो फाटकातून आत आला. मी तांब्या लपवायला पाहिजे होता, पण हातात होता आणि धार चालू होती.

‘अक्का, हे काय करायलीस?’

‘पाणी पाजायलेय.’

‘असं? आपल्या मायला? आपल्या दारात?’

त्यानं तांब्या माझ्या हातातून घेतला. मग सगळी दुपार तो तुझ्यापुढं मातीत बसून होता, इस्त्रीच्या कपड्यांत. तुझा पेला हातात धरून. ‘माय, मी मिलिंद. हे बघ, सोजरबाई लिवलंय. तूच सोजरबाई. हे घर तुझंय.’ तू त्याला ‘मालक’ म्हणत होतीस. त्यानं पेल्यातलं पाणी आधी स्वतः पिऊन दाखवलं, तर तू घाबरून इकडं तिकडं बघितलंस, कुणी बघितलं तर त्याला मारतील म्हणून. तो रडला. मोठा माणूस, तुझ्या पायाशी रडला. तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढं आणलास आणि मध्येच मागं घेतलास. शिवायचं नाही म्हणून.

गाडीची वेळ झाली तेव्हा तो म्हणाला, ‘तहान लागली की पिईल आपोआप. पर असं पाजू नको, अक्का. तिनं सगळा जन्म घालवला त्यातनं भाइर यायला. तू परत तितंच नेऊन बसवायलीस तिला.’

मी म्हणाले, ‘मी न्हाई नेलं. ती गेलीय. मी तिच्या मागं गेलेय, पाणी घेऊन.’

हे मी त्याला म्हणाले का मनातच म्हणाले, आता नक्की सांगता येत नाही. बहुतेक मनातच. तो गेला आणि मी तांब्या भरून आणला. पुढं तो यायचा तेव्हा मी त्याच्यासमोर पाणी द्यायची नाही. तो असेपर्यंत तू तहानलेली राहायचीस. तो गेला की मी पायरीवर जायचे. आमचं भांडण असं चालू राहिलं, न भांडता. अजून आहे.

पण खरं भांडण माझं तुझ्याशी आहे. तूच म्हणाली होतीस ना, मरीन पण धरणार नाही. आणि तूच रोज हात जोडून माझ्यापुढं बसायचीस. मी कुणाचं ऐकायचं होतं? तिचं, का तुझं? तुझे केस विंचरताना मी तुला हे कितीदा विचारलं. तू म्हणायचीस, ‘येणी घट घाला.’ मी वेणी घट्ट घालायची.

आणि तो एक दिवस. तो मला विसरता आला तर बरं होईल.

सुगी चालू होती, तुरीच्या काड्या अंगणात पडल्या होत्या. ऊन कोवळं होतं. मी नेहमीसारखी पायरीवर, तू खाली. धार सोडली. तू एक घोट घेतलास आणि थांबलीस. ओंजळीतलं पाणी गळून गेलं, तू रिकाम्या हातांकडं बघत राहिलीस. असं बघितलंस जसे ते दुसऱ्याच कुणाचे हात आहेत. मग हात पदराला पुसलेस, खसाखसा पुसलेस. माझ्याकडं बघितलंस. माय, ते तुझे डोळे होते. बसस्टँडवरचे.

‘शेवंते,’ म्हणालीस, ‘माझा पेला कुठाय?’

माझं नाव तू वर्षभरात घेतलं नव्हतं. मी तांब्या टाकून आत पळाले. पेला जाग्यावर नव्हता. मला तो बघवेना म्हणून मीच उचलून ठेवला होता, फळीवर, मोठ्या पातेल्यांच्या मागं. मी पातेली काढली. ताटं पडली. परातीच्या आत डबे, डब्यांच्या मागं पेला, त्यावर धूळ. मी तो पदरानं पुसला, धुतलाही नाही, रांजणातून भरला आणि पळत बाहेर आले.

तू खाली बसलेली. पदर कपाळापर्यंत. ओंजळ तोंडाशी.

‘आणा गौडसानी,’ म्हणालीस.

मी पेला तुझ्यापुढं धरला. ‘माय, आणलाय बघ. तू मागितलास ना आता? आणलाय.’ तू घाबरून मागं सरकलीस.

त्यानंतर तो पेला मी कधी लांब ठेवला नाही. खाटेपाशी, पायरीवर, तुला न्हाऊ घालताना मोरीच्या कट्ट्यावर. पाणी मी त्यातूनच तुझ्या ओंजळीत घालायचे. तुझ्याच पेल्यातून, वरून. त्यानं काय फरक पडतो, तू म्हणशील. काही नाही पडत. तू मात्र पुन्हा मागितला नाहीस. रोज मी वाट बघायची, आज मागशील. एक दिवससुद्धा नाही.

मग हातच राहिले नाहीत तुझे. बोटं जुळेनात, ओंजळ होईना, पाणी मधून निघून जायचं. खाटेवरून उठणं बंद झालं. शेवटी शेवटी मी बोट पाण्यात बुडवून तुझ्या ओठांवर फिरवायचे. तू ‘बाटंल’ म्हणाली नाहीस. अंग चोरलं नाहीस. क्षणभर मला वाटलं, सुटलीस तू त्यातून. पण तसं नव्हतं. तुला आता काहीच म्हणता येत नव्हतं, एवढंच होतं. गेलीस तेव्हा माझं बोट ओलं होतं. तू गेलीस ती वाड्याच्या पायऱ्यांखालूनच गेलीस, माय. आपल्या घरातून नाही गेलीस. लोक म्हणतात, म्हातारी सुटली. मला तसं म्हणवत नाही.

काल जलदानाची वेळ झाली. पांढऱ्या कापडावर तुझा फोटो, मेणबत्त्या, पुढं ताट आणि ताटात एक वाटी. मी कुणाला न विचारता वाटी काढली आणि तुझा पेला ठेवला. बौद्धाचार्यांनी मला आणि मिलिंदला पुढं बसवलं. दोघांनी मिळून तांब्या धरायचा आणि गाथा चालू असताना हळूहळू पाणी सोडायचं, भरून वाहेपर्यंत. मिलिंदनं तांब्या उंच धरला. सगळे तसाच धरतात. माझे हात त्याच्या हातांवर होते.

धार सुटली आणि मला खाली तुझी ओंजळ दिसायला लागली.

मी त्याचे हात खाली दाबले. त्यानं जोर केला, त्याला वाटलं माझा हात सुटतोय. मी आणखी दाबले. तांब्याचा काठ पेल्याच्या काठाला टेकला, खट्ट आवाज झाला. बौद्धाचार्य गाथा थांबवून म्हणाले, ‘ताई, जरा वर घ्या. धार पडू द्या.’

‘वरनं न्हाई,’ मी म्हणाले.

सगळा मांडव ऐकत होता. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं जोर करायचं सोडलं. तांब्या तसाच पेल्याला टेकून राहिला, भांड्याला भांडं लागून, आणि गाथा पुन्हा सुरू झाली. पेला भरला. तुझं नाव ओलं झालं. मग पाणी वाहून ताटात सांडायला लागलं. मिलिंदला काय कळलं, काय नाही, मी विचारलं नाही. आज जाताना तो पायरीवर थोडा वेळ उभा राहून खाली मातीकडं बघत होता.

ते पाणी मी लिंबाच्या बुडाला घातलं. पेला धुतला, भरला आणि तुझ्या खाटेपाशी ठेवला. रहेमतबी म्हणाली, ‘अब किसके वास्ते, गे?’ कुणी पिणार नाही हे मला कळतंय. उद्या ते पाणी ओतून दुसरं भरीन.

त्या दिवशी तू मागितलास तेव्हा तो पातेल्यांच्या मागं होता. आता हाताशी आहे.